काशीत सोडलेला गूळ आणि मलाक्काचे ओंदे-ओंदे

ही सहल खाण्याची आहे, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याच्या बाजूला फुलांचं पठार आहे, किल्ले आहेत, धबधबे आहेत, आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र डिसेंबरातल्या एका सकाळी चिकट तांदळाच्या पिठाची पाकिटं, दोन नारळ आणि माडाच्या गुळाची एक काळपट कांडी गाडीत टाकून पुण्याहून निघाले, ती माझ्या वडिलांना एक मलायी गोड पदार्थ खाऊ घालायला. नवरा म्हणाला, "अडीचशे किलोमीटर जाऊन लाडू वळणार?" म्हटलं, हो. लेकीची शाळा होती, त्यामुळे ती आणि तो घरी राहिले आणि मी एकटीच निघाले.

पदार्थाचं नाव ओंदे-ओंदे. लहान लिंबाएवढी हिरवी गोळी, बाहेरून खोवलेला नारळ, आत गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडली की आतला गूळ वितळतो. मग अख्खी गोळी तोंडात टाकायची, ओठ मिटायचे आणि दाबायची. आत पिचकारी उडते. उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊच म्हणा, फक्त मोदक सभ्य आहे आणि हा वांड.

आम्ही काही वर्षं मलाक्काला राहत होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. शेजारी एक मलायी बाई होत्या. त्यांना मी मकचिक म्हणायची, म्हणजे तिकडची मावशी. माझ्या बाळंतपणाला आई तिथे आली आणि पाचेक महिने राहिली. वडूजजवळच्या कोरडवाहू गावात जन्मलेली आणि सांगलीकडे ऊसवाल्यांच्या घरात दिलेली माझी आई विमानात बसली ती त्या एकाच वेळी. संध्याकाळ झाली की मकचिक कुंपणावरून ओंदे-ओंदेची बशी पुढे करायच्या. आणि आई रोज अण्णांना फोनवर तेच सांगायची, "आवं, तोंडात टाकलं की फुटतंय बगा! आल्यावर करून घालती तुमाला."

आली, आणि तिनं करून बघितलेही. पण आपल्या तांदळाच्या पिठाला तो चिकटपणा कुठला? गोळ्या पाण्यात तडकायच्या, गूळ बाहेर यायचा आणि पातेल्यात गुळवणी तयार व्हायची. "ते पीठच येगळं हाय," म्हणून तिनं नाद सोडला. मग आजारपण आलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि पदार्थ कबूल केलेलाच राहिला.

पुढची अडचण अण्णांनी स्वतः करून ठेवली. गावातल्या मंडळींची बस काशीला गेली, तिच्यात अण्णाही गेले. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडून यायची, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात पळवाटा कशा काढतात तेही ठाऊक आहे. त्या बसमधल्या एकानं पडवळ सोडलं, एकानं कोहळा, आणि एक महाभाग तर जन्मात न चाखलेलं कुठलंसं फळ सोडून आले. अण्णांनी गूळ सोडला. ज्यांच्या मळ्यात ऐन थंडीत स्वतःचं गुऱ्हाळ चालायचं, त्यांनी! आई तिथे उसाचं कांडं कढईतल्या गुळात बुडवून त्यांच्या हातात द्यायची आणि ते फुंकर न मारता खायचे. गुऱ्हाळ बंद होऊन वर्षं झाली, तरी आमच्या घरात आमटीत गूळ, चहात गूळ, जेवणानंतर शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा. वहिनी तेव्हापासून दोन आमट्या करते.

तर माझ्यापुढचा पेच असा होता. आईनं कबूल केलेला घास अण्णांच्या तोंडात पडावा, ही माझी फार मनापासूनची इच्छा होती. आणि त्या घासाच्या पोटात गूळ. मला वाटलं, मी लई हुशार. मकचिकनी एका येणाऱ्याबरोबर माडाचा गूळ पाठवला होता. तो उसाचा नाहीच. मग नेम मोडायचा प्रश्न कुठे येतो?

वाईवरून, वाकड्या वाटेनं

पुण्याहून महामार्गानं खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. तिथून वाई जवळच आहे. सकाळी लवकर निघालात तर घाटात अडकत नाही, उशीर केलात तर ट्रकांच्या मागे रांगेत बसून मला शिव्या द्याल. वाईत घाटावर पाच मिनिटं बसले. पाण्यात पाय सोडून दोन भटजी मोबाइलच्या रिचार्जवर वाद घालत होते. मिसळ खाल्ली, शंभराच्या आत काम झालं, रस्सा तिखट आणि पाव ताजा.

वाईत थांबायचं कारण हळद. ओंदे-ओंदेचा हिरवा रंग आणि वास येतो तो पांदान नावाच्या पानांचा, आणि ती पानं इथे कुठून आणायची? पण कोकणात पातोळ्या हळदीच्या पानात उकडतात, तो वास मला आठवत होता. वाईच्या आसपास हळदीचे मळे आहेत आणि डिसेंबरात पानं अजून हिरवी असतात. रस्त्याकडेच्या एका मळ्यात एक बाई काम करत होत्या. त्यांना म्हटलं, थोडी पानं द्याल का?

"पानं?" त्यांनी कमरेवर हात ठेवला. "हळकुंडं मागत्यात लोक. पान कशाला? जनावरं बी त्वांड लावत न्हाईत त्याला."

"गोड करायचंय त्याचं."

"हळदीच्या पानाचं गोड?" त्यांनी शेजारच्या वाफ्यातल्या बाईला हाक मारली, "आगं ये, आयक तरी काय म्हनत्यात ह्या!" दोघी पोट धरून हसल्या. मग मोठा भारा कापून दिला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. "जमलं तर सांगा, आमी बी करू," म्हणाल्या. गाडीभर तो वास पसरला. आल्याचा थोडा, ओल्या मातीचा थोडा, आणि नंतर आपोआप गोडसर होत जाणारा.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. पेढ्यात साखर असते आणि साखर अण्णांनी सोडलेली नाही. इथून घरी जायचा सरळ रस्ता म्हणजे महामार्गानं कराड, पेठ नाका आणि आत. घाई असेल तर तोच धरा. मी कोरेगाव, पुसेगाव, वडूज, मायणी, विटा अशी गेले. वेळ जास्त लागतो, रस्ता काही ठिकाणी झकास आणि काही ठिकाणी हाडं मोजणारा. पण हा आईचा मुलूख. लहानपणी मे महिन्यात याच रस्त्यानं एसटीनं आजोळी यायचो. खिडकीला डोकं टेकून बसलेली आई पुसेगाव गेलं की ताठ व्हायची, पदर नीट करायची आणि बाहेरचं एकेक शेत कुणाचं ते सांगू लागायची. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता शाळूची शेतं तशीच उभी होती आणि सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी एकटीच मोठ्यानं चारदोन नावं घेतली. बहुतेक चुकीची असणार.

वडूजला बाजारात रताळी घेतली. मलाक्कात पिठात रताळं कुस्करून घालायची पद्धत आहे, त्यानं गोळी मऊ राहते. भाजीवाल्या आजींनी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "उपास हाय व्हय?" म्हटलं, नाही, लाडू करायचेत. "रताळ्याचं लाडू? बरं बाई," म्हणून त्यांनी दोन रताळी वरती टाकली. बहुधा माझी कीव आली असावी.

विट्यापुढे ऊस सुरू झाला. या दिवसांत या रस्त्यांवर संध्याकाळी गाडी चालवणार असाल तर सांभाळून. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि मागचा दिवा असेल अशी खात्री नाही. कडेला सांडलेली उसाची वाढी, कारखान्यांची धुराडी, आणि हवेत तो आंबूस-गोड वास. काच खाली केली आणि कृष्णेकाठच्या आमच्या गावापर्यंत ती वर केलीच नाही.

नेमाचा पक्का माणूस

अण्णा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आज वय ऐंशीच्या घरात, पण खुर्चीत बसले तरी पाठ टेकत नाहीत. घरी ते, दादा आणि वहिनी. दादा तोडणीच्या गडबडीत मळ्यात असतो, घरी जेवायला आणि झोपायला येतो. वहिनीचा आवाज मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. मी पिशव्या उतरवल्या तेव्हा ती हळदीचा भारा बघून म्हणाली, "वन्सं, वैरण कुनाला आनलीसा?"

चहा झाल्यावर मी माडाच्या गुळाची कांडी अण्णांपुढे ठेवली आणि वकिली सुरू केली. हा ऊस नाही, अण्णा. माडाच्या झाडाचा रस आटवून केलेला. आपल्या गुळाशी याचा संबंध नाही.

अण्णांनी कांडी उचलली, नाकाशी नेली, नखानं कडेचा तुकडा कुरतडला आणि पुन्हा खाली ठेवली. चाखला नाही.

"रस काडला, आटिवला, साच्यात वतला," ते म्हणाले. "मग ह्यो गूळच की गं. झाड बदललं म्हनून काय झालं? मी ऊस न्हाई सोडला पोरी, गूळ सोडलाय. ऊस तर अजून खातोय की, दात हायत तवर."

"आवं मामंजी, देव काय हितं माडाचा का उसाचा बगायला येतोय व्हय?" वहिनी मध्ये पडली.

"देव न्हाई येत. मला म्हाईत हाय न्हवं?"

विषय संपला. वहिनीनं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला रागच आला, खरं सांगते. इतका लांबचा रस्ता, तो वास घेऊन आलेली पानं, आणि एका खड्यापाशी सगळं अडलं. अण्णांच्या हट्टाचा राग आणि आईच्या आठवणीनं भरून आलेलं, दोन्ही एकदम. जेवताना मी भात नुसताच चिवडला. ते मात्र पेढे दोन खाऊन झोपायला गेले.

सकाळी उठले तर अण्णा ओसरीवर बसून वाटीतले भिजवलेले बेदाणे एकेक करून खात होते. त्यांचा हा जुना क्रम. तासगाव इथून हाकेच्या अंतरावर, बेदाण्याची तिथे पेठच आहे, त्यामुळे आमच्याकडे बेदाणा म्हणजे काही चैनीची वस्तू नाही. बेदाणे संपले आणि वाटीच्या तळाला उरलेलं तांबूस पाणी ते चवीनं प्याले.

मी तिथेच उभी राहिले. "अण्णा, हे पाणी गोड लागतं?"

"गोड म्हंजे? गुळाच्या त्वांडात मारंल."

मग काय! अण्णांना गाडीत घातलं आणि तासगाव गाठलं. ते ज्यांच्याकडून बेदाणे घेतात ते जैन व्यापारी त्यांच्या वयाचेच, पांढरी टोपी, गादीवर मांडी घालून बसलेले. आम्हाला बघून म्हणाले, "या सुभेदार. आज लेक आलीया वाटतं?" त्यांनी हिरवे, पिवळे आणि काळपट असे बेदाणे आमच्यापुढे ओतले आणि कशाला पाहिजेत ते विचारलं. मी सांगितलं. पिठाच्या गोळीत बेदाण्याचा पाक भरायचा, गोळी उकडायची.

"हिरवा दिसायला चांगला," ते म्हणाले, "पन तुमच्या कामाला न्हाई. काळपट घ्या. त्येला रंग बी हाय आनि वास बी."

अण्णांनी तेवढ्यात मूठभर तोंडात टाकले होते. अर्धा किलो घेतले. मार्केट यार्डाच्या बाहेर उसाचा रस मिळतो, तिथे थांबलो. अण्णांनी मोठा ग्लास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की, बघ, ऊस चालतो.

फुटलं न्हाई

पहिला घाणा सांगण्यासारखा नाही, पण सांगते. बेदाणे भिजवले, वाटले, गाळले आणि घट्ट होईपर्यंत आटवले. चिकट पिठात उकडलेलं रताळं कुस्करलं, हळदीची पानं वाटून पिळून हिरवा रस काढला, त्यात पीठ मळलं. रंग असा आला की वहिनी म्हणाली, "काय बाई ह्यो रंग, पोपटच उडून बसलाय परातीत." बेदाण्याचा गोळा आत भरला, वळलं, उकळत्या पाण्यात सोडलं. वर तरंगून आले की आणखी थोडा वेळ ठेवायचे. मग मीठ घातलेल्या ओल्या नारळात घोळवले. नारळात चिमूटभर मीठ विसरू नका, निम्मी चव त्या मिठात आहे.

गोळ्या तडकल्या नाहीत. दिसायला सुरेख. अण्णांनी एक खाल्ली, सावकाश.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघायला लागलो. अण्णांनी दुसरी उचलली, तोंडात टाकली आणि मध्येच चावायचं थांबले. वाट बघितल्यासारखे. मग गिळून टाकली.

"पन फुटलं न्हाई," ते म्हणाले. "तुजी आय म्हनायची, फुटतंय म्हनून. जिभंवर कायतरी सुटतंय आनि हसूच येतं, आसं म्हनायची."

त्या क्षणी मला कळलं की आईच्या फोनवरचा शब्द न् शब्द या माणसानं जपून ठेवलाय. मी चवीच्या मागे होते. ते त्या फुटण्याची वाट बघत होते, इतकी वर्षं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदराच्या जागी ओढणीला पुसलं.

वहिनीला मात्र रडायला वेळ नव्हता. ती बेदाण्याचं पातेलं हलवून बघत होती. "वन्सं, ह्यो पाक लय आटिवलासा. ह्येचा गोळाच ऱ्हानार. पातळ पायजे."

"पातळ आत भरणार कसा? हातातच सांडेल."

"गोठवा की! आंब्याचा रस न्हाई का गोठवत आमी? डब्याला डबं भरून ठेवतोय. बेदाण्याचं पानी गोठवायचं, बर्फाचा खडा आत घालायचा. पान्यात उकळलं की आत त्येचं पानीच हुनार."

मी तिला मिठी मारली. मलाक्कात इतकी वर्षं राहून हे माझ्या डोक्यात आलं नसतं, कारण तिथे गूळ आपणहून खडा असतो आणि कुणाला गोठवायची गरजच पडत नाही. वहिनीनं तिच्या भाच्यांसाठी घेतलेला चॉकलेटचा रबरी साचा काढला. बेदाण्याचं पाणी पुन्हा केलं, या वेळी थोडंच आटवलं. जास्त आटवाल तर ते गोठत नाही, मऊच राहतं, हे आम्ही एक साचा वाया घालवून शिकलो. रात्रभर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं.

रविवारी सकाळी करवंदाएवढे काळे खडे तयार. आता खरी कसरत. बर्फाला पीठ लागलं की ओलं होतं, सरकतं, बोटं बधिर होतात. एकेक खडा काढायचा, पटकन गुंडाळायचा, चीर राहिली नाही ना बघायचं आणि थेट पाण्यात. वहिनी वळत होती आणि मी सोडत होते. दोघी "आगं आई गं" करत हात झटकत होतो. दादा मळ्यातून डबा न्यायला आला होता, तो दारात उभा राहून म्हणाला, "काय फॅक्टरी काडली का काय?" त्याला हाकलला.

अण्णा पाटावर येऊन बसले. मी बजावलं, अण्णा, अख्खी तोंडात टाकायची. तोंड मिटायचं. मोडायची नाही.

पण सत्तर वर्षांची सवय. कुठलाही नवा पदार्थ ताटात आला की अण्णा आधी त्याचा कोर मोडून देवाच्या नावानं ताटाबाहेर ठेवतात. बोट लागलं आणि पिचकारी उडाली ती थेट त्यांच्या पांढऱ्या स्वच्छ शर्टावर, टोपीच्या काठापर्यंत. वहिनी ओरडली. अण्णा शर्टाकडे बघत राहिले.

"आरारारा," ते म्हणाले, आणि हसायला लागले. मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. "देवाची आंघुळ माझ्यावरच झाली की गं!"

दुसरी त्यांनी अख्खी तोंडात टाकली. ओठ मिटले. गाल हलला. आणि भुवया वर गेल्या.

"व्हय," ते म्हणाले. "फुटतंय. खरंच फुटतंय."

आणखी तीन खाल्ल्या. मग हात धुऊन म्हणाले, "त्या बाईला फोन लाव."

"कुठल्या बाईला?"

"जिनं तुज्या आयला हे खायला घातलं तिला."

मलाक्का आपल्या पुढे अडीच तास, तिथे दुपार झालेली. मकचिक फोनच्या पडद्यावर आल्या त्या नेहमीप्रमाणे कपाळ आणि डोक्यावरचा रुमालच दाखवत. अण्णा उभे राहिले, पाठ ताठ. सैन्यातलं इंग्रजी बाहेर काढलं, "मॅडम, नमस्ते. आय एम शारदाज हजबंड." शर्टावर तांबडे डाग तसेच. मकचिकनी ते बघितले आणि त्या खदखदून हसल्या. मलायी भाषेत मला म्हणाल्या, सांग त्यांना, कक शारदानंही पहिल्या दिवशी असाच माझा टेबलावरचा रुमाल रंगवला होता. कक म्हणजे ताई.

मी सांगितलं. अण्णा मान हलवत राहिले. मग मकचिक म्हणाल्या, ती रोज एक बाजूला ठेवायची, हे सांगितलंय का त्यांना कुणी? एक गोळी छोट्या डबीत. त्यांनी तिला विचारलं होतं, कुणाला? तर तिनं फोनकडे बोट दाखवलं. त्या तिला म्हणाल्या होत्या, ही रात्रीत कडक होते, इतक्या लांब जायची नाही. तिला ते माहीत होतं. सकाळी तीच गरम करून चहाबरोबर खायची, आणि संध्याकाळी पुन्हा एक बाजूला काढायची.

हे मला माहीत नव्हतं. एकाच घरात राहत होतो, पण मी बाळात गुंतलेली, मला ती डबी कधी दिसलीच नाही. मी अडखळत अण्णांना सांगितलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला. अण्णा खाली बसले. त्यांनी पडद्यावरच्या त्या बाईंकडे बघितलं, आणि मग मला म्हणाले, "इचार तिला, आनि काय काय करायची म्हनावं ती तितं."

परत पुण्याला

सोमवारी निघाले. सांगलीत वळून भडंग घेतलं, तिखट आणि साधं, दोन्ही घ्या. पेठ नाक्यावरून महामार्ग धरला. कराडला जेवले, थाळी बरी होती, सोलकढी मागू नका. पुढे रस्त्यात कुठे न थांबता दुपारी उशिरा घरी पोचले. लेकीनं नारळाचा वास ओळखला आणि थर्मासमधून आणलेल्या उरलेल्या खड्यांचा त्याच संध्याकाळी घाणा काढायला लावला.

करून बघणार असाल तर लक्षात ठेवायच्या गोष्टी मी वर सांगितल्याच आहेत. हळदीचं पान पांदानची नक्कल करत नाही, त्याचा स्वतःचा वास आहे, आणि मला तो आता जास्त आवडतो. बेदाण्याला गुळासारखा धुरकट गोडवा नाही, थोडी आंबट कड आहे. मकचिकना मी हे सगळं लिहून कळवलं तेव्हा त्यांनी नाक मुरडल्याचं चित्र पाठवलं आणि मागोमाग विचारलं, बेदाणे किती वेळ भिजवायचे?

अण्णांचा गूळ सुटला तो सुटलाच. वहिनी अजून दोन आमट्या करते. मी त्यांना नेमातून सोडवायला गेले होते असं मला वाटायचं, पण त्यांना सुटायचं नव्हतंच. तारुण्यात अण्णा सीमेवर असायचे आणि आई घरी वाट बघायची. लग्नाच्या एवढ्या वर्षांत ती दूर गेली आणि ते घरी राहिले, ते फक्त त्या पाच महिन्यांत. त्या परक्या गावातले तिचे तेवढे महिने त्यांच्याकडे नव्हते.

आता रविवारी दुपारी तिघांचा फोन असतो. अण्णा, मकचिक आणि मध्ये मी दुभाषी. आई तिथे बाजारात भाव कसा करायची, कुठल्या मांजराला दूध घालायची, पावसात वाळत घातलेले कपडे शेजारणीचेही कसे काढून आणायची. मागच्या रविवारी मकचिकनी सांगितलं की एकदा त्या दोघी समुद्रावर गेल्या होत्या आणि कक शारदा लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली, बाहेर येईचना.

"गुडघाभर?" अण्णा म्हणाले. "मला न्हाई सांगितलं तिनं."

"तुम्ही ओरडला असता, अण्णा."

"वरडलोच असतो." त्यांनी तोंड फोनच्या आणखी जवळ आणलं. मग म्हणाले, "इचार, पानी गार हुतं का?"

मला विचारायची गरज नव्हती. "तिकडचा समुद्र कोमट असतो, अण्णा. बारा महिने."

"मग आसू दे," ते म्हणाले. "तिला गार पानी सोसत न्हाई."